अनुदान मंजूर झाले, पैसे कधी येणार?

धर्मग्रामाच्या वार्षिक सभेत एखाद्या बालगृहाचा किंवा दिव्यांग मुलांच्या शाळेचा हिशेब वाचला जातो, तूट किती ते कळते आणि मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "अहो, सरकारच्या एवढ्या योजना आहेत, मग तुम्ही अनुदान का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. सभेच्या दोन मिनिटांत मात्र त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे थोडे सविस्तर मांडीत आहोत.

कागदपत्रे पुष्कळ लागतात, हे सर्वांना ठाऊक आहे. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील नोंदणी, महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, प्राप्तिकर खात्याची नोंदणी, नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' संकेतस्थळावरील क्रमांक. शिवाय कार्यानुसार २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे किंवा २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे प्रमाणपत्र. प्राप्तिकराची नोंदणी पूर्वी एकदा झाली की कायमची असे. २०२१ पासून ती ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावी लागते. यातील एकही अट आम्हांला अवाजवी वाटत नाही. देशातील सुमारे ३० लाख नोंदणीकृत संस्थांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी संस्था वार्षिक हिशेब सादर करतात, अशी माहिती केंद्रीय अन्वेषण विभागाने एका जनहित याचिकेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली होती. अशा स्थितीत सरकारने डोळे मिटून पैसे द्यावेत, असे कोण म्हणेल?

कागदांपैकी एक मात्र आपल्या संस्थांना हमखास अडवतो, तो म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करावयाचा असतो. निवडणूक होते, हारतुरे होतात आणि हा अर्ज राहून जातो. मग अनुदानाच्या प्रस्तावावर सही एकाची आणि परिशिष्ट एकवर नाव दुसऱ्याचेच, कधी कधी तर दिवंगत विश्वस्ताचे. फाईल परत येते आणि तो दोष सरकारचा नसतो.

परंतु खरी अडचण कागदांची नाही, ती रोख पैशाची आहे. अनुदान हे बहुधा खर्च झाल्यानंतर हाती येते. उदाहरणार्थ, 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेत राहणाऱ्या मुलामागे दरमहा ३,००० रुपये देखभाल अनुदान ठरले आहे. २५ मुले असतील तर महिन्याला ७५,००० रुपये झाले. ही रक्कम आठ महिने आली नाही, तर संस्थेला सहा लाख रुपये पदरचे घालावे लागतात. मुलांचे जेवण आठ महिने थांबवता येत नाही. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. जिल्ह्याचा अहवाल, आयुक्तालयाची शिफारस, दोन्ही वाट्यांची तरतूद हे सारे जुळून आले की मग पैसे सुटतात. बालगृहांच्या थकीत अनुदानाच्या बातम्या महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत. दर ठरलेला असल्यामुळे मधल्या काळातील उसनवारीचा भुर्दंड संस्थेनेच सोसावयाचा असतो. पगार रखडला की काळजीवाहक बाई दुसरीकडे काम धरते, आणि तपासणीच्या दिवशी नेमके तेच पद रिक्त आढळते.

थेट केंद्राकडून येणाऱ्या अनुदानाला २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम लागू होतात. मागील वर्षाचे विनियोग प्रमाणपत्र तात्पुरत्या स्वरूपात तरी दिल्याशिवाय पुढील वर्षाची मंजुरी नाही. आणि अंतिम प्रमाणपत्र व लेखापरीक्षित हिशेब दिल्याशिवाय मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांपलीकडे पैसे नाहीत. अनुदानावर बँकेने दिलेले व्याजही सरकारजमा करावे लागते. वर्षअखेरीस खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग होय, असे हेच नियम सांगतात. पैसे मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊ शकतात, हा विनोद आम्ही वाचकांवर सोपवतो.

याहून कठीण गोष्ट आहे ती बंधपत्राची. अनुदान सुटण्यापूर्वी कार्यकारिणीच्या सदस्यांनी संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्याही जबाबदारी पत्करून बंधपत्रावर सह्या करावयाच्या असतात. अटींचा भंग झाल्यास रक्कम दरसाल १० टक्के व्याजासह परत करण्याची हमी त्यात असते. समितीवर असतात शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, घर सांभाळून संस्थेचे काम करणारी एखादी गृहिणी. सही करताना त्यांचा हात थबकला, तर त्यांना भित्रे म्हणणे आम्हांला जमणार नाही.

पूर्वी अनुदानाला उशीर झाला की मोठ्या संस्थांकडे आलेल्या परदेशी देणगीतून लहान संस्थांना मदत होत असे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी अभिदाय अधिनियमात दुरुस्ती झाली आणि अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थेचा हा आधार तुटला, आणि त्याची जागा अद्याप कशानेही भरून निघालेली नाही.

तेव्हा सभेत पुढच्या वेळी तोच प्रश्न विचारताना सोबत आणखी एक विचारावा, की अनुदान येईपर्यंतचे सहा-आठ महिने निभावण्यापुरता निधी संस्थेजवळ वेगळा ठेवला आहे काय? नसल्यास प्रस्ताव पाठवण्याआधी तो उभा करावा लागेल, आणि ते काम सरकारचे नव्हे, आपले आहे. सगळीच मदत पैशाने करावी लागते असेही नाही. आपल्या धर्मग्रामांत बँकेतून, न्यायालयातून, पंचायत समितीतून निवृत्त झालेले अनेक जण आहेत. कित्येक वर्षे राहिलेला चेंज रिपोर्ट अशाच एका निवृत्त कारकुनाने दोन सकाळी बसून तयार केलेला आम्ही पाहिला आहे.