पाण्याची भीती कुठून येते?

मैत्रिणींनो, अमेरिकेत काळ्या लोकांविषयी एक समज फार दिवस चालत आला. त्यांना म्हणे डोंगर, जंगल, नदी यांची आवडच नसते! पण आवड काय आभाळातून पडते? ती घरातून येते, आणि भीतीही घरातूनच येते.

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे. तिथे किनाऱ्यावर गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी. १९१९ च्या जुलैत यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. पाण्यात कुठे रेघ आखलेली असते? तराफा वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला आणि काठावरून दगड आले. यूजीन बुडाला. त्यावरून पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्यानंतर किती आयांनी आपल्या पोरांना पाण्यापासून दूर ठेवलं असेल!

रानातही तोच भेद. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्यांच्या मुक्कामासाठी लुईस माउंटन ही निराळी जागा उघडली. पुढे असले भेद कायद्याने गेले, पण मनातली धास्ती कायद्याने कशी जाणार? आजीला पोहता येत नव्हतं, ती आईला काय शिकवणार? आणि आई लेकीला? आजही तिथे बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा काळ्या मुलांत जास्त आहे.

हे रहाटगाडगं थांबवायला एक आईच पुढे सरसावली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या रू मॅप, तीन मुलांची आई. २००९ मध्ये तिने 'आउटडोअर आफ्रो'चं काम सुरू केलं. युक्ती अगदी साधी. अनोळखी रानात एकटीचं पाऊल अडखळतं, पण आपल्यातलंच कुणी "चल गं" म्हणालं की धीर येतो. म्हणून ठिकठिकाणचे स्वयंसेवक शिकवून तयार केले जातात आणि ते आपल्या लोकांना डोंगरावर, नदीवर घेऊन जातात. पोहणं शिकायला ही संस्था पैशाची मदतही करते. मुलांना तर खरीच, पण त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्यांनासुद्धा!

हे शेवटचं लक्षात ठेवण्याजोगं आहे, बरं का. काठावर उभं राहून "पाण्यात जाऊ नकोस" असं कितीही ओरडलं, तरी मूल पोहायला शिकत नाही. तुम्हाला पोहता येत नसेल, तर जवळच्या तलावात बायकांचा वर्ग आहे का, याची चौकशी करा. लेकीचं नाव घालाल, तेव्हा खाली आपलंही लिहा. वयाची लाज कसली? सगळ्यांची सुरुवात कमरेएवढ्या पाण्यातच होते.