फॉर्म बाहेरून भरला, विद्यापीठाचा संघ हुकला! सुरतच्या मराठी पालकांनी प्रवेशाआधी हे बघावं

सुरत : बारावीचा निकाल लागला की लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या खान्देशी घरांत हिशोब सुरू होतो. पोरगं कबड्डी चांगलं खेळतं, पण घरखर्चालाही हातभार हवा. मग वडील तोडगा काढतात. दिवसा लूमच्या कारखान्यात काम, पदवीचा फॉर्म बाहेरून, संध्याकाळी मैदान. तोडगा समजण्यासारखा आहे, पण त्यात विद्यापीठाच्या संघाची दारं बंद होतात आणि हे घरात कुणालाच माहीत नसतं.

आंतरविद्यापीठ स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज म्हणजे एआययूच्या नियमांवर चालतात. खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी लागतो. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही, बाहेरून शिकणाराही नाही. वयाची अट 17 ते 25. बारावीनंतरची वर्षंही मोजली जातात. म्हणजे 'दोन-तीन वर्षं कमवू दे, मग कॉलेज बघू' म्हणताना खेळाची वर्षंही खर्ची पडतात.

दुसरा घोळ सीमेचा. सुरतचं कॉलेज वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचं, तर नंदुरबार-धुळ्याचं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. दोन्ही पश्चिम विभागातच खेळतात, पण एका शैक्षणिक वर्षात खेळाडूला एकाच विद्यापीठाकडून उतरता येतं. गावी घर आहे, मामा आहेत, म्हणून वर्षाच्या मध्यात कॉलेज बदललं की अडचण आलीच. शिवाय महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तिथला अधिवास लागतो. पुढे नोकरी कुठं हवी, हे प्रवेश घेतानाच बोलून घेतलेलं बरं.

तिसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे. जन्मतारखेची. आपल्याकडे गुरुजींनी टाकलेली 1 जून घराघरांत सापडते, ते वेगळं. पण 14 वर्षांखालच्या गटात पोरगा उठून दिसावा म्हणून दाखल्यावर वय कमी करणारे पालकही आहेत. त्याविरुद्ध केंद्राची संहिता 2010 पासून आहे. क्रिकेट मंडळ तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. 2020 मध्ये मंडळानं स्वतःहून खरं वय सांगणाऱ्यांना माफी देऊ केली, लपवून सापडणाऱ्याला दोन वर्षांची बंदी. दाखला वडिलांनी बदललेला असला तरी मैदानाबाहेर बसतो तो पोरगाच.

कॉलेजात पात्रतेचा फॉर्म भरताना जन्मतारखेचा पुरावा आणि गुणपत्रिका एकत्र तपासल्या जातात. एकावर एक तारीख, दुसऱ्यावर दुसरी, असं निघालं तर निवड झालेली असूनही नाव अडकतं. म्हणून दहावीचा फॉर्म भरण्याआधीच शाळेच्या रजिस्टरातली तारीख जन्मदाखल्याशी ताडून बघावी. त्यानंतर बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्यायची म्हणजे हेलपाटे, आणि स्पर्धा तोवर थांबत नाही.