ओल्युदेनिझ : वाळूच्या दांड्याआडचे पाणी

तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर, फेतिये शहराजवळ ओल्युदेनिझ हे खाजण सरोवर आहे. भूमध्य समुद्राच्या लाटांनी आणलेली वाळू आणि बारीक गोटे साचून येथे दांडा तयार झाला. त्यामुळे आतल्या पाण्याचा समुद्राशी संबंध एका अरुंद मुखातूनच उरला. लाटा दांड्यावरच फुटतात; भरती-ओहोटीही नगण्य. म्हणून बाहेर समुद्र खवळला तरी आतले पाणी संथ राहते. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग आधी शोषते. त्यामुळे फिकट तळाच्या उथळ भागात ते फिरोजी, तर खोल भागात गडद निळे दिसते. लगतच्या १,९६९ मीटर उंच बाबादाग पर्वतावरून निघालेले पॅराग्लायडर बाहेरच्या बेल्जेकिझ पुळणीवर उतरतात. सरोवराच्या बंदिस्त पाण्यात सांडलेले तेल लवकर वाहून जात नाही. म्हणून सरोवर संरक्षित असून तेथे मोटारबोटींना मनाई आहे.