अडचणीच्या गावाची संग्रहालयं

रत्नागिरीत खास संग्रहालयं बघायला कुणी जात नाही. गणपतीपुळ्याच्या वाटेवर थिबा राजवाड्याला अर्धा तास मिळतो, दारात फोटो निघतात आणि मंडळी आंब्याच्या पेट्यांची चौकशी करायला मोकळी होतात. खरं तर या शहरातल्या छोट्या संग्रहालयांना एक दिवस दिला, तर रत्नागिरीला पोचणं किती कठीण होतं, याचाच इतिहास हाती लागतो.

ब्रिटिशांना हे गाव आवडलं ते त्याच कारणासाठी. मुंबईहून यायचं तर आगबोटीनं, आणि पावसाळा लागला की तीही बंद. मागे सह्याद्रीचे घाट. ज्याला नजरेआड ठेवायचं, पण हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, अशा माणसासाठी याहून सोयीची जागा कुठली? म्हणून 1885 साली ब्रह्मदेश जिंकल्यावर तिथला राजा थिबा आधी मद्रासला आणि 1886च्या एप्रिलमध्ये इथे आणला गेला. त्याच्यासाठी राजवाडा बांधायला मात्र सरकारला दोन तपं लागली. 1910च्या अखेरीस तो तिथे राहायला गेला आणि 1916च्या डिसेंबरात वारला. म्हणजे ज्या वास्तूला त्याचं नाव आहे, तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला.

आज तिथे राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. राजाच्या वस्तूंचा खजिना सापडेल या आशेनं जाऊ नका. बघायची आहे ती वास्तूच. जांभा दगड, उतरती छपरं, लाकडावरचं नक्षीकाम, अर्धवर्तुळाकार खिडक्यांतल्या रंगीत काचा. मग मागच्या बाजूला या. खाली भाट्याची खाडी आणि पुढे समुद्र दिसतो. मायदेश मात्र या समुद्रापलीकडे नव्हता, तो पाठीमागे, अख्खा हिंदुस्थान ओलांडून होता.

इथून रिक्षा करून टिळक आळीत उतरा. लोकमान्यांचं जन्मस्थान म्हणजे एक साधं कौलारू घर. 23 जुलै 1856ला टिळक इथे जन्मले आणि वडिलांची बदली झाली तेव्हा, दहाव्या वर्षी, पुण्याला गेले. तसबिरी आणि माहितीफलक इतर स्मारकांत असतात तसेच आहेत. पण राजवाडा पाहून इथे आलात तर एक गोष्ट आपोआप जुळते. 1908 ते 1914 टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. मंडाले ही थिबाची राजधानी, आणि तो तुरुंगही तिथल्या किल्ल्याच्या कोटाच्या आतच. रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत, तोही त्याच काळात! हा योगायोग दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत लिहायला हवा, असं माझं मत आहे.

टिळक आळीपासून पतितपावन मंदिर चालत गाठता येतं. 1924 साली सावरकरांना सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, या अटीवर. ती उठली 1937 साली. त्या काळात, 1931 मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशांतून सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर उभं राहिलं. म्हणजे पुन्हा तेच: अडवून ठेवलेला माणूस आणि त्यातून गावाला मिळालेली वास्तू.

मुलं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं हे संग्रहालय आपल्या राजकीय कैद्यांच्या गोष्टीत बसत नाही, पण देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभं राहिलं की कुणाची तक्रार उरत नाही.

आता फिरायचं कसं? कोकण रेल्वेनं इथे पोचणं सोपं केलं खरं, पण स्टेशन शहरापासून चांगलं लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षानं मारुती मंदिरला यावं. शहरात एसटीच्याच शहर बसगाड्या फिरतात. त्या स्वस्त, पण वाट बघायला लावणाऱ्या. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात, मात्र रत्नागिरी चढउतारांचं गाव आहे. एप्रिल-मेच्या दुपारी जांभ्याचा सडा असा तापतो की पायी फिरायची हौस लगेच फिटते. म्हणून राजवाडा सकाळी उरकावा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा शनिवारला रविवार जोडा, रविवारला सोमवार नको.

मालगुंडचं केशवसुत स्मारक मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. कोकण मराठी साहित्य परिषदेनं कवीच्या जन्मगावी उभारलेलं हे स्मारक गणपतीपुळ्याच्या अगदी जवळ आहे. आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं खासगी गाडीनं जाणं उत्तम. एसटीनं गेलात, तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.