माहीमचे दुकान आणि तुमचा हप्ता

बेंगळुरूच्या आमच्या शाखेत दसरा-दिवाळीच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, एफडी मोडू की टीव्ही हप्त्याने घेऊ?" उत्तर देण्याआधी दुकानाकडे पाहू.

मुंबईच्या माहीममध्ये 1967 साली नानू गुप्ता यांनी छोटे दुकान काढले: विजय सेल्स. शिलाई मशीन, पंखे, ट्रान्झिस्टर असा माल. त्या काळी शिलाई मशीन ही चैन नव्हती. घरातली बाई त्यावर ब्लाउज शिवून मशीनचे पैसे वसूल करी. मुंबईत दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झाले, 1982 च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले आणि टीव्ही ही दिवाणखान्यातली वस्तू झाली. आज विजय सेल्सची शंभराहून अधिक दुकाने आहेत. कंपनी अजून कुटुंबाचीच आहे, शेअर बाजारात नोंदलेली नाही. (कोणी "त्यांचे शेअर मिळवून देतो" म्हणाला तर आधी शाखेत या.) टाटांचे क्रोमा बरेच उशिरा, 2006 साली जुहूत सुरू झाले, बेंगळुरूतही ते तुम्ही पाहिले असेल.

एकाच मॉडेलचा फ्रिज चार दुकानांत मिळतो, त्यामुळे भाव फार चढवता येत नाही. मग दुकान वाढते ते माल पटापट खपवून. गिऱ्हाईक पैसे साठवून येईपर्यंत थांबले, तर माल पडून राहतो. म्हणून काउंटरशेजारी कर्ज देणाऱ्याचे टेबल आले. 1987 साली दुचाकी-तीनचाकीच्या कर्जासाठी निघालेली पुण्याची बजाज फायनान्स आज टीव्ही-फ्रिजच्या हप्त्यांसाठी घरोघरी माहीत आहे. यात गैर काही नाही. फक्त पैसा फुकट कोणीच देत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली, कारण व्याज बहुतेकदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेले असे.

हिशेब करून पाहा. टीव्हीची किंमत 36,000. रोखीने घेतलात तर दुकानदार 2,000 सोडतो, म्हणजे 34,000. "नो कॉस्ट"मध्ये 3,000 चे बारा हप्ते, शिवाय फी 500 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी 90. एकूण गेले 36,590. जादा 2,590. हे साडेसात टक्क्यांच्या आसपास वाटते, पण तसे नाही! मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, तेव्हा खरा वार्षिक दर 14 टक्क्यांच्या घरात जातो. तुमच्या मुदत ठेवीवर याच्या निम्मे मिळत असेल, तर ठेव मोडण्याचा दंड धरूनही रोखीनेच स्वस्त पडेल. मात्र रोख सवलत आणि फी दोन्ही नसतील, तर हप्ता खुशाल घ्या. म्हणून पहिला प्रश्न दुकानात हाच विचारा: "रोख दिले तर किती?"

टीव्हीची घाई नसेल तर तेच 3,000 वर्षभर आवर्ती ठेवीत भरा. साडेसहा टक्के दराने वर बाराशेहून अधिक व्याज जमते, आणि तोवर त्या मॉडेलचा भावही बहुधा उतरलेला असतो. आजारपणासाठी ठेवलेली एफडी मात्र टीव्हीसाठी मोडू नका, मग दर काहीही असो.

हप्ताच घ्यायचा ठरला तर सहीआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचे आहे. फीसकट वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. हप्त्याची तारीख पगारानंतरची घ्या. आमच्या एका खातेदाराचा पगार 7 तारखेचा आणि हप्ता 2 चा. तीन महिने मॅन्डेट परत गेले, दोन्हीकडून दंड लागला आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तेच तीन महिने क्रेडिट अहवालात समोर आले. टीव्ही होता बत्तीस इंची.

शेवटचा हप्ता गेल्यावर कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्या आणि मॅन्डेट रद्द झाले का ते शाखेत विचारा. येताना पासबुक आणा.