बंदिस्त शेती : प्रश्न प्रकाशाचा

शहरातील बंदिस्त इमारतीत मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजीपाला पिकविता येतो. तेच पाणी पुन्हा वापरले जात असल्याने त्याची मोठी बचत होते. सूर्यप्रकाशाची उणीव तांबडे व निळे एलईडी दिवे भरून काढतात. कार्यक्षम निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु सूर्य फुकट आहे, वीज नव्हे. म्हणूनच अशा शेतीत लवकर तयार होणाऱ्या पालेभाज्यांवर भर राहिला. गहू, तांदूळ परवडत नाहीत. पीएच.डी.नंतर या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणाऱ्यांपुढे हेच आव्हान आहे. थोड्या प्रकाशात वाढणारे वाण आणि प्रकाशाचे योग्य प्रमाण त्यांना शोधावयाचे आहे. किलोभर भाजीमागे किती वीज लागली, हीच त्यांच्या यशाची कसोटी होय.