भीमाशंकरची माकडं आणि एड्सची एक धोक्याची लस

आधी शंका मिटवू: भीमाशंकरला हातातला प्रसाद पळवणाऱ्या माकडांकडे एड्सचा विषाणू नसतो. एचआयव्हीचा चुलतभाऊ एसआयव्ही मुळात आफ्रिकी माकडांचा. अमेरिकेतल्या प्राणिसंशोधन केंद्रांत तो ऱ्हीसस माकडांत शिरला आणि त्यांना एड्ससारखा आजार झाला. भारताने 1978 मध्ये माकडांची निर्यात थांबवली, तरी एड्सवरच्या प्रयोगांत भारतीय वंशाच्या ऱ्हीससलाच पहिली पसंती!

1992 मध्ये संशोधक डेसरोझियर्स यांच्या गटाने एसआयव्हीच्या ‘नेफ’ जनुकाचा तुकडा उडवून विषाणू दुबळा केला आणि लस म्हणून टोचला. पुढे खरा विषाणू टोचला, तर माकडं बचावली. मग सगळं अडलं कुठे?

हा विषाणू नकला करताना सतत चुकतो. एका प्रयोगात नेफची फक्त 12 जनुकीय अक्षरं गाळली होती. माकडाच्या अंगात विषाणूने ती जागा भरून काढली. शिवाय एकाच पेशीत लशीचा आणि बाहेरचा, असे दोन विषाणू शिरले की दोघांचे जनुकीय धागे एकाच नव्या विषाणूत बांधले जाऊ शकतात; तो पुढच्या पेशीत शिरला की नक्कल करणारं विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि संकरित वाण तयार होतो. म्हणजे विषाणू रोखायला दिलेली लस कधी त्याच्या विविधतेलाच कच्चा माल पुरवते. 1995 मध्ये तर अधिक दुबळ्या केलेल्या विषाणूनेही नवजात माकडांना आजारी पाडलं.

माणसांवर हा जुगार कोण खेळणार? 2005 मध्ये भोसरीच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेत भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी झाली, तेव्हा लशीत जिवंत एचआयव्ही नव्हताच. दुसऱ्याच निरुपद्रवी विषाणूच्या कवचात त्याची थोडी जनुकं भरली होती.